सात लाख रायफली आणि तितकेच दरोडेखोर

अमेरिकेत जुनी विंचेस्टर रायफल विकायला निघाली की तिच्याबरोबर एक पूर्वजही विकायला निघतो. हा पूर्वज शेरीफ असतो, दरोडेखोर असतो, किंवा रेल्वेच्या तिजोरीवरचा पहारेकरी असतो. फार झालं तर उतारवयात सुधारून शेरीफ झालेला दरोडेखोर असतो. तो किराणा दुकानदार कधीच नसतो. कोल्हे कोंबड्या पळवतात म्हणून वैतागून बंदूक घेतलेला शेतकरी तर नसतोच नसतो. आता विंचेस्टरचं 1873 चं मॉडेल घ्या. कारखाना ते 1920 च्या दशकापर्यंत बनवत होता आणि एकूण आकडा 7 लाख 20 हजारांच्या आसपास गेला. ह्या सगळ्या रायफली शेरीफांच्या आणि दरोडेखोरांच्याच हातात होत्या असं धरलं, तर त्या काळच्या पश्चिम अमेरिकेत मका पेरायला, गुरं वळायला आणि मुख्य म्हणजे लुटून घ्यायला माणूसच शिल्लक राहत नाही. बँकेत पैसे ठेवणारं कुणी नसेल तर दरोडेखोरांनी काय एकमेकांची पासबुकं लुटायची?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की जुन्या रायफलींच्या बाबतीत पुरावा आणि गोष्ट ह्यांचं आपसात जमत नाही. पुरावा पक्का असतो तिथे सांगण्यासारखी गोष्ट नसते, आणि गोष्ट रंगात आलेली असते तेव्हा पुरावा नेमका चहाला गेलेला असतो. ह्याचा दोष रायफलीकडे जात नाही. ती बिचारी साधं यंत्र आहे. चापाभोवतीची लोखंडी कडी, म्हणजे लिव्हर, खाली-पुढे ढकलली की रिकामी पुंगळी वरून टणकन उडते, कडी मागे ओढली की नळीखालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस जागेवर येऊन बसतं, घोडा ताठ उभा राहतो, बस्स. ह्या यंत्राचा धंदा ज्याने उभा केला तो ऑलिव्हर विंचेस्टर मूळचा शर्टांचा कारखानदार. त्याच्या हाताखालच्या बेंजामिन टायलर हेन्रीने 1860 मध्ये पेटंट घेतलेल्या रायफलीत एका वेळी सोळा काडतुसं बसत. त्यातूनच 1866 चं पितळी रंगाचं मॉडेल आलं, मग 1873 चं, आणि पुढे जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेली 1886, 1892 आणि 1894 ची मॉडेलं. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ हे सुप्रसिद्ध बिरुद मात्र कंपनीच्याच जाहिरात खात्याचं, तेही पश्चिम जिंकून झाल्यावर, विसाव्या शतकात सुचलेलं. म्हणजे गोष्ट जोडण्याची सुरुवात खुद्द जन्मदात्यांनीच केली. मग पुढच्या दलालांना बोल कशाला लावायचा?

आता पुरावा म्हणून जो कागद छातीला लावून मिरवला जातो तो पाहू. वायोमिंग राज्यात कोडी नावाचं गाव आहे, बफेलो बिल कोडीच्या नावाचं. तिथल्या संग्रहालयात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. सगळ्या मॉडेलांच्या आणि सगळ्या नंबरांच्या नाहीत, पण बऱ्याच आहेत. रायफलीवरचा नंबर कळवून फी भरली की संग्रहालय पत्र देतं: अमुक नंबरची रायफल, अमुक काडतुसाची, नळी गोल की अष्टकोनी, गोदामात अमुक तारखेला आली, अमुक तारखेला रवाना झाली. पत्र खरं असतं, शिक्का खरा असतो, नोंद तर शंभर टक्के खरी असते. अडचण एवढीच, की हे पत्र म्हणजे बंदुकीचा सातबारा आहे. अमुक गट नंबरची जमीन कागदावर आहे हे त्यातून सिद्ध होतं. तुम्ही ज्या बांधावर उभे आहात ती तीच जमीन, हे सिद्ध होत नाही. नंबर खरवडून दुसरा ठोकता येतो. खऱ्या नंबराच्या सांगाड्यावर दुसऱ्याच रायफलीची नळी चढवता येते. आणि पत्रात ‘अष्टकोनी नळी, खास लाकूड’ असं लिहिलेलं असेल, तर हातचलाखी करणाऱ्या कारागिराला ते पत्र म्हणजे काय काय बनवायचं आहे ह्याची आयती यादी असते. ज्याच्या नावाची सगळ्यांना उत्सुकता असते त्या गिऱ्हाइकाचं नाव नोंदवहीत बहुधा नसतंच. कारखाना माल व्यापाऱ्याला विकत होता, दंतकथेला नव्हे.

कागदावरचं साल काढणं तरी सोपं असेल असं वाटतं. तेही नाही, आणि इथे तर कायदाच मध्ये पडलेला आहे. अमेरिकेच्या 1968 च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे 1898 मध्ये किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते, आणि अँटिक ही त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूकच धरलेली नाही. म्हणजे 1898 च्या डिसेंबरात बनलेली रायफल केंद्रीय कायद्याच्या नजरेत पुराणवस्तू, आणि पंधरा दिवसांनी त्याच बाकावर त्याच कारागिराने बनवलेली तिची सख्खी बहीण धोकादायक शस्त्र. गोळी मात्र दोघींची सारखीच लागते. 1894 चं मॉडेल नेमकं ह्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं असल्यामुळे त्याच्या नंबरांवरून होणारे वाद पाहण्यासारखे असतात. संग्राहकांच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापलं गेलेलं कोष्टक एक साल सांगतं, तर कारखान्याच्या पॉलिश खात्यात नंबर ठोकताना झालेली नोंद दुसरंच सांगते. त्यातही नंबर ठोकला गेला कधी, रायफल जुळवली गेली कधी आणि गोदामातून निघाली कधी, ह्या तीन वेगळ्या तारखा असू शकतात. विकणारा माणूस त्यांतली सर्वांत जुनी सांगतो. वय कमी करून सांगण्याची रीत माणसांत आहे. ते वाढवून सांगण्याची चढाओढ फक्त ह्या धंद्यात दिसते.

ह्याच वयाच्या हव्यासाचा एक नमुना आपल्या उपखंडातला आहे. ब्रिटिश सैन्याने 1871 मध्ये घेतलेली मार्टिनी-हेन्री हीसुद्धा लिव्हरचीच रायफल, पण एका वेळी एकच काडतूस घेणारी. तिच्या नकला खैबर खिंडीच्या परिसरातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने घडवल्या. कारागिरी अशी की नळीला नळी जुळावी, लाकडाला लाकूड. घात केला तो अक्षरांनी. इंग्रजी वाचता येत नसलेला कारागीर छाप जसा दिसला तसा ठोकत गेला, त्यामुळे काही नकलांवर अक्षरं चक्क उलटी उमटली. काहींवर व्हिक्टोरिया राणीचा मुकुट आणि तिची आद्याक्षरं, आणि खाली साल राणी 1901 मध्ये वारल्यानंतरचं! वर जाऊनही बाईंनी शस्त्रास्त्रांच्या कारखान्यावरचं लक्ष काढलं नाही, असा त्याचा एक अर्थ निघतो. पुढे अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांना 1898 पर्यंतच्या बंदुका आठवण म्हणून घरी नेता येत, तेव्हा अशा ‘राणीच्या काळातल्या’ रायफलींचा बाजार पुन्हा तेजीत आला. मागणी सालाची होती, म्हणून पुरवठाही सालाचाच झाला.

तेव्हा कागद बाजूला ठेवून वस्तूकडे पाहावं, आणि तेही जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे. रायफलीवरचं कोरीव काम सगळेच पाहतात, म्हणून नक्कल करणारा जीव ओतून कोरतो तेच. स्क्रूच्या डोक्यावरची खाच कुणी पाहत नाही. पाहणाऱ्याने तीच आधी पाहावी. शंभर वर्षांत कुणी रायफल उघडली असेल तर खाचेच्या कडा चावल्यासारख्या दिसतात, आणि रायफल घासून चकचकीत केली असेल तर स्क्रूभोवतीचं लोखंड बशीसारखं खोलगट होतं. कारखान्यातून निघताना दस्त्याचं लाकूड शेजारच्या धातूपेक्षा किंचित वर असे. ते धातूच्या बरोबरीला किंवा खाली गेलेलं दिसलं की कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसला होता हे समजावं. अष्टकोनी नळीच्या धारा बोटाला लागल्या पाहिजेत. त्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील आणि वरची अक्षरं उथळ दिसत असतील, तर घासणाऱ्याने इतिहासही सोबत घासून नेला आहे. गंजाच्या खड्ड्यात आत निळा-काळा रंग दिसला तर रंग गंजानंतरचा आहे, कारण लोखंड आधी गंजून मग नवं होत नसतं. विंचेस्टरने अंडाकृती चौकटीतला आपला तपासणीचा छाप नळीवर 1905 पासून मारायला सुरुवात केली. तो छाप 1890 च्या रायफलीवर दिसला तर नळी नंतरची आहे किंवा रायफल पुन्हा कारखान्यात जाऊन आली आहे. तसंच 1894 चं मॉडेल आधी ज्या काडतुसांसाठी निघालं त्यांत प्रसिद्ध थर्टी-थर्टी नव्हतं. ते 1895 मध्ये आलं. त्यामुळे ‘पणजोबांनी 94 सालीच घेतलेली थर्टी-थर्टी’ असं कुणी म्हणालं तर पणजोबा काळाच्या पुढे होते एवढंच नम्रपणे म्हणावं. सगळ्यांत मोठी खूण झिजेची. हातात धरून नेताना तोल सांभाळणारी मधली बाजू पुसट व्हायला हवी, खोगिराच्या म्यानात घासणारी नळीची टोकं उजळ व्हायला हवीत. सगळी रायफल सव्वाशे वर्षांची आणि नंबर मात्र कालच सकाळी जन्मल्यासारखा ठसठशीत असेल, तर संशय घेणं हे पाप नाही.

ह्यावर एक आक्षेप अगदी रास्त आहे: मग काय, लोकांनी आपली हत्यारं गंजू द्यायची? पुसू नये, तेल लावू नये, मोडलेला दस्ता बदलू नये? बाजाराचं उत्तर निर्दय आहे. ज्याने रायफल प्रेमाने घासली त्याने तिची किंमत घासली, आणि जो ती कोठारात टाकून विसरून गेला त्याची नातवंडं श्रीमंत झाली. आळसाला एवढं व्याज देणारी दुसरी गुंतवणूक शोधून सापडणार नाही. पण ह्यात एक तर्क आहे. दुरुस्ती हा गुन्हा नव्हे. दुरुस्ती न सांगणं हा गुन्हा. नवा मुलामा दिलेली रायफल ‘नवा मुलामा दिलेली’ म्हणून विकली तर ती सुंदर रायफल आहे. तीच ‘जशीच्या तशी’ म्हणून विकली तर ती सुंदर थाप आहे. फरक लोखंडात नाही, तर वर लावलेल्या चिठ्ठीत आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा, आणि तो अधिक धारदार आहे. ते म्हणतात, कारखान्याने स्वतःच कुठे नियम पाळले? गिऱ्हाइकाने मागितलं तर अर्धी अष्टकोनी अर्धी गोल नळी, अर्ध्या लांबीचं नळकांडं, दोन चाप, कोरीव दस्ता, काहीही मिळे. जुने सुटे भाग उरले तर ते पुढच्या रायफलींत संपवले जात. लोखंड फेकून देण्याइतकं स्वस्त तेव्हाही नव्हतं. रायफल दुरुस्तीला परत आली तर नोंदवहीत ‘आर अँड आर’ अशी दोन अक्षरं पडत आणि कारखानाच तिला नवी नळी चढवून देई. म्हणजे पुस्तकातल्या वर्णनाशी न जुळणारी रायफल पूर्ण अस्सल असू शकते, आणि तंतोतंत जुळणारी पूर्ण बनावट. कारण नक्कल करणारा पुस्तक वाचूनच बसलेला असतो. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही, उलट आधारच मिळतो. अपवाद खरा असेल तर त्याची खूण नोंदीत, छापात आणि झिजेत अशी तीन ठिकाणी एकसारखी सापडते. ‘कारखान्याने खास बनवली होती’ हे वाक्य एकटंच फिरत असेल, तर ते विकणाऱ्याने खास बनवलेलं असतं.

खास बनवण्याचा मोह कंपनीलाही आवरला नव्हता. 1870 च्या दशकात विंचेस्टरने जाहीर केलं, की चाचणीत ज्या नळ्या विलक्षण अचूक ठरतील त्या वेगळ्या काढून उत्तम मुलामा देऊन ‘हजारांत एक’ असा छाप मारून 100 डॉलरला विकू. त्याखालची पायरी ‘शंभरांत एक’. गणिताने 7 लाख 20 हजारांत ‘हजारांत एक’ सातशेवीस निघायला हव्या होत्या. 1873 च्या मॉडेलात प्रत्यक्षात निघाल्या सुमारे 130, कारण कंपनीने ही टूम लवकरच आटोपती घेतली. एक रायफल हजारांत एक म्हटली की उरलेल्या 999 बद्दल गिऱ्हाईक काय समजणार, हा प्रश्न बहुधा उशिरा सुचला असावा. पुढे 1950 मध्ये अँथनी मान ह्यांनी जेम्स स्टुअर्टला घेऊन ‘विंचेस्टर ’73’ हा चित्रपट काढला. कथाच एका ‘हजारांत एक’ रायफलीच्या मागे धावते. प्रसिद्धीसाठी स्टुडिओने देशभर आवाहन केलं, की कुणाकडे अशी रायफल असेल तर कळवा. काही खऱ्या सापडल्या. पण एखादी गोष्ट दुर्मीळ आहे असं पडद्यावरून जाहीर झालं, की ती फार काळ दुर्मीळ राहत नाही, हा अर्थशास्त्राचा नियम नसला तरी जुन्या मालाच्या बाजाराचा नक्की आहे. असंच दस्त्यात ठोकलेल्या पितळी चुकांचं. अमेरिकेतले मूळनिवासी योद्धे आपल्या रायफली तशा सजवत हे खरं. आणि चुका व हातोडी आजही दुकानात मिळतात हेही तितकंच खरं.

तिसरा आक्षेप भावनेचा असतो आणि म्हणून तो सर्वांत आवाजी असतो: आमच्या आजोबांनी सांगितलं ते खोटं का? आजोबांना खोटं कोण म्हणतंय? पण आजोबांना ते त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं असतं, आणि प्रत्येक आजोबा गोष्टीला आपापला मुलामा देतो. शिवाय गोष्ट तपासता येत नाही असंही नाही. 25 जून 1876 ला लिटल बिगहॉर्नला अमेरिकन सैन्यातल्या कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडाला, तेव्हा लाकोटा आणि शायान योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या, हे कितीतरी काळ नुसतं सांगितलं जात होतं. 1983 मध्ये त्या मैदानावरचं गवत वणव्यात जळून गेलं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ मेटल डिटेक्टर घेऊन उतरले. मातीतून रिकाम्या पुंगळ्या निघाल्या. हेन्री आणि 1866 च्या विंचेस्टरची पिन पुंगळीच्या कडेवर एकाच वेळी दोन ठिकाणी आघात करते, त्यामुळे ह्या जातीची रायफल पुंगळीवर आपली दुहेरी सही करून जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून एकेक रायफल वेगळी ओळखता आली, एवढंच नव्हे तर तिच्या पुंगळ्या कुठे कुठे पडल्या ह्यावरून ती मैदानात कशी फिरली हेही काढता आलं. पुढे संग्रहांतल्या काही जुन्या बंदुकांच्या खुणा ह्या पुंगळ्यांशी जुळल्याही. म्हणजे खऱ्या गोष्टीला पुराव्याची भीती नसते. फक्त तो पुरावा दिवाणखान्यात बसून मिळत नाही, उन्हात वाकून शोधावा लागतो, आणि त्यातून रायफल कळली तरी ती धरणाऱ्या माणसाचं नाव कळत नाही.

नाव न कळण्याचा कळस पाहायचा तर नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जावं. 2014 च्या नोव्हेंबरात तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांना एका जुनिपरच्या झाडाला टेकून उभी असलेली 1873 ची विंचेस्टर दिसली. लाकूड पांढुरकं पडून फाटलेलं, दस्त्याचं टोक चार-पाच इंच मातीत रुतलेलं. नंबरावरून कोडीच्या नोंदवहीने सांगितलं: 1882 मध्ये बनून रवाना. कुठे रवाना, कुणाला, काही नाही. त्या एका वर्षात ह्या मॉडेलच्या पंचवीस हजारांवर रायफली निघाल्या होत्या आणि किंमत सुरुवातीच्या 50 डॉलरवरून 25 वर उतरली होती; म्हणजे ती कुणाचीही असू शकत होती. रायफल तपासणीसाठी कोडीच्या रुग्णालयात नेऊन तिचा एक्स-रे काढला, तेव्हा पेशंटचं नाव ‘रायफल’ असं लावलं. आत गोळी नव्हती. दस्त्याच्या पोकळीत मात्र एक काडतूस निघालं, ते 1887 ते 1911 ह्या काळातलं. तेव्हा 1882 ची ही रायफल निदान 1887 पर्यंत तरी कुणाच्या तरी वापरात होती, एवढा निष्कर्ष निघतो आणि तिथेच थांबतो. ह्या रायफलीला कुणी घासलं नाही, रंगवलं नाही, नंबर बदलला नाही. तिच्यावर कुणी मालकीसुद्धा सांगितली नव्हती. तिच्याइतकी निर्विवाद अस्सल विंचेस्टर सापडणं कठीण, आणि तिची गोष्ट म्हणजे ‘कुणीतरी ठेवली आणि विसरला’. बातमी पसरताच लोकांनी ती जागा भरायला दरोडेखोर, शिकारी, अस्वलं असं काय काय सुचवलं. मला मात्र विसरभोळा माणूसच जास्त पटतो. अस्वलं थोडी असतात, विसरभोळे गावोगाव असतात.

ह्यावर कुणी 1886 च्या मॉडेलची एक नंबरची रायफल माझ्या तोंडावर फेकील, आणि फेकावीच. मूळनिवासी योद्धा जेरोनिमो ह्याचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन हेन्री लॉटनला ती भेट मिळाली. ‘अल्बीकडून लॉटनला’ अशी अक्षरं तिच्यावर कोरलेली आहेत, देणारा माहीत, घेणारा माहीत, नंबर तर खुद्द पहिला. 2016 मध्ये लिलावात ती 12 लाख 65 हजार डॉलरला गेली. इथे पुरावा आणि गोष्ट हातात हात घालून उभे आहेत, हे मान्य. पण नीट पाहिलं तर ही रायफल त्या मोहिमेत चाललेली नाही; मोहीम आटोपल्यावर सत्कारात आली. म्हणजे जे पक्कं सिद्ध होतं ते लढाईचं नसून अभिनंदनाचं आहे. आणि किंमतच सांगते, की दोघं एका जागी भेटण्याचा योग किती विरळा. असा योग घरोघरी येत असता तर लिलाववाल्यांनी हातोडा विकून भाजीचं दुकान टाकलं असतं.

उरतात त्या लाखो साध्या रायफली. त्यांच्याबद्दल प्रामाणिकपणे लिहिता येणारी चिठ्ठी अशी असते: ‘सांगाडा 1882 चा, नळी नंतर बदललेली, बहुधा कारखान्यातच, दस्ता एकदा घासलेला, दोन स्क्रू वेगळे, मालक माहीत नाही.’ ही चिठ्ठी वाचून बहुतेक गिऱ्हाइकांना जांभई येते आणि किंमत खाली येते. पण तिच्यातला प्रत्येक शब्द बोट ठेवून दाखवता येतो, आणि ती वाचून ज्याची उत्सुकता वाढते तोच रायफल घेतोय असं समजावं. बाकीचे जे पैसे मोजतात ते लोखंडाचे नसतात, शेरीफाचे असतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की कथासंग्रहच घ्यायचा असेल तर तो पुस्तकांच्या दुकानात बराच स्वस्त पडतो, आणि त्यावर लेखकाचं नावही असतं.